जी.एन.एम.नंतर पुढे काय? सेवेतील परिचारिकांसाठी विद्यापीठीय शिक्षणाच्या वाटा

शासकीय रुग्णालयांतील अधिपरिचारिका पदाची जाहिरात निघते, तेव्हा जी.एन.एम. पदविका आणि बी.एस्सी. नर्सिंग पदवी या दोन्ही अर्हता ग्राह्य धरल्या जातात. पद तेच आणि वेतनश्रेणीही तीच. मग आठ-दहा वर्षे वॉर्डात काढलेल्या, रात्रपाळी आणि घर यांची कशीबशी सांगड घालणाऱ्या सिस्टरने पुन्हा दोन वर्षे वर्गात जाऊन का बसावे? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पदवीत नसून, पदवीनंतर कोणत्या दिशेने जायचे आहे यात आहे. ते न ठरवता घेतलेला प्रवेश पुष्कळदा महागात पडतो.

परिचर्येला विद्यापीठाचे दार उघडले ते १९४६ मध्ये. दिल्ली आणि वेल्लोर येथे त्या वर्षी बी.एस्सी. नर्सिंगचे शिक्षण सुरू झाले. मुंबईत एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ चे. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले आणि राज्यातील बहुतेक परिचर्या महाविद्यालये त्याच्याशी संलग्न झाली. तरीही रुग्णालयांचा भार प्रामुख्याने पदविकाधारकांनीच उचलला. त्यांच्यासाठीच पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा पदवी अभ्यासक्रम आहे.

हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पूर्णवेळ आहे. बारावी उत्तीर्ण, जी.एन.एम. पूर्ण आणि राज्य परिचर्या परिषदेकडे परिचारिका व प्रसाविका म्हणून नोंदणी, या त्याच्या मुख्य अटी. ए.एन.एम. झालेल्यांना येथे थेट प्रवेश नाही. त्यांना आधी जी.एन.एम. करावे लागते. बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे पुन्हा घालवण्याची गरज मात्र राहत नाही.

खरी अडचण 'पूर्णवेळ' या शब्दात आहे. ड्युटी सांभाळून हा अभ्यासक्रम करता येत नाही. शासकीय सेवेतील परिचारिकेला अध्ययन रजा किंवा प्रतिनियुक्ती मिळवावी लागते आणि त्यापोटी सेवेचे बंधपत्र लिहून द्यावे लागते. खासगी रुग्णालयात तर बहुधा राजीनामाच द्यावा लागतो. म्हणजे शुल्क वेगळे आणि दोन वर्षांचा बुडालेला पगार वेगळा. हा दुसरा खर्च माहितीपत्रकात छापलेला नसतो! इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९४ मध्ये याच पदवीचा किमान तीन वर्षांचा दूरस्थ अभ्यासक्रम सुरू केला, तो या अडचणीवर तोडगा म्हणून. त्यासाठी नोंदणीनंतरचा सेवेचा अनुभव लागतो आणि प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्या वर्षीचे माहितीपत्रक पाहूनच बेत आखावा.

पदवी कोठे उपयोगी पडते? 'एम्स'मधील नर्सिंग ऑफिसरच्या भरतीत जी.एन.एम. उमेदवाराला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. पदवीधराला ती अट नाही. आयुष्मान भारत योजनेखाली २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमण्यास सुरुवात झाली. महाराष्ट्रात ही संधी आयुर्वेद पदवीधरांबरोबर परिचर्येच्या पदवीधरांनाही मिळाली. आणि ज्यांना शिकवण्याच्या क्षेत्रात जायचे आहे, त्यांना तर पदवीवाचून गत्यंतर नाही.

पदवीनंतर दोन वर्षांचा एम.एस्सी. नर्सिंग. पदवीला किमान ५५ टक्के गुण आणि एक वर्षाचा अनुभव ही त्याची सर्वसाधारण अट. वैद्यक-शल्य, प्रसूती व स्त्रीरोग, बालआरोग्य, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य या त्याच्या शाखा. त्यापुढे पीएच.डी.

मात्र येथेच आपल्या व्यवस्थेतील एक विसंगती ठळकपणे दिसते. अतिदक्षता विभागात हात बसलेली परिचारिका एम.एस्सी. होते आणि बहुधा महाविद्यालयात अध्यापिका म्हणून रुजू होते. शिक्षण जितके वाढते, तितकी ती रुग्णाच्या खाटेपासून दूर जाते. परिसेविका, अधिसेविका ही बढतीची शिडी सेवाज्येष्ठतेची. तिच्यात शिक्षणाला फारसा भाव नाही. अनुभवी हात वॉर्डातून निघून गेल्याचा फटका अखेर रुग्णालाच बसतो.

यावर उपाय म्हणून भारतीय परिचर्या परिषदेने २०१६ च्या सुमारास 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. तो निवासी पद्धतीचा आहे. शिक्षणाचा मोठा भाग प्रत्यक्ष अतिदक्षता विभागातच होतो. पदवी आणि किमान एक वर्षाचा रुग्णसेवेचा अनुभव ही त्याची अट. केंद्र सरकारने २०१८ मध्ये प्रसूतिसेवेबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आणि १८ महिन्यांचे 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' प्रशिक्षणही आले. कल्पना उत्तम आहे. परंतु रुग्णालयांच्या आकृतिबंधात या अर्हतेची स्वतंत्र पदे सर्रास दिसत नाहीत. प्रवेशापूर्वी हे ध्यानात ठेवावे.

ज्यांना वॉर्ड सोडायचा नाही आणि दोन वर्षे देणेही शक्य नाही, त्यांनी एक वर्षाच्या पोस्ट बेसिक पदविकांचा विचार जरूर करावा. अतिदक्षता, नवजात शिशू, शस्त्रक्रियागृह, आपत्कालीन परिचर्या, कर्करोग, मनोविकार असे त्यांचे विषय आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात कर्करोग परिचर्येचे, तर बेंगळुरूच्या 'निमहान्स'मध्ये मनोविकार परिचर्येचे असे शिक्षण मिळते. राज्य शासनाच्या सेवेत मनोविकार व बालरोग परिचारिकांची वेगळी पदे असल्याने काहींना ही पदविका पदवीपेक्षाही अधिक उपयोगी ठरते.

परदेशी जाणाऱ्यांनी केवळ पदवीवर विसंबू नये. ब्रिटनमध्ये नोंदणीसाठी इंग्रजीची आणि व्यावसायिक कौशल्याची परीक्षा, तर जर्मनीसाठी जर्मन भाषेची तयारी लागते.

महाविद्यालय निवडताना विद्यापीठाची संलग्नता आणि परिचर्या परिषदेची मान्यता या दोन्ही गोष्टी त्या-त्या वर्षासाठी तपासाव्यात. 'हजेरी लावावी लागणार नाही' असे सांगणाऱ्या परराज्यांतील संस्थांपासून चार हात लांब राहावे; रुग्णालयातील प्रात्यक्षिकांविना मिळालेल्या पदवीची परिषदेत नोंद होणे कठीण. भारतीय परिचर्या परिषद १९४७ च्या कायद्याने स्थापन झाली. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला, त्यामुळे नियमांतील बदलांवरही लक्ष ठेवावे लागेल.

पदवी मिळाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे अतिरिक्त अर्हतेची नोंद करून घ्यावी. ती न केल्यास पुढील प्रवेशाच्या वा भरतीच्या वेळी धावपळ होते. मूळ नोंदणीचे नूतनीकरण वेळेत झालेले असावे. शासकीय सेवेतील परिचारिकांनी अर्ज कार्यालयप्रमुखांमार्फतच पाठवावा आणि ना हरकत प्रमाणपत्रासाठी प्रवेशप्रक्रिया सुरू होण्याची वाट न पाहता आधीच मागणी करावी. प्रवेश निश्चित झाला, पण कार्यमुक्तीचा आदेश निघाला नाही म्हणून जागा सोडावी लागण्याची वेळ त्यामुळे टळू शकते.