हा डबा कोणाचा? रेल्वेच्या सावकारांची गोष्ट

पुढच्या सुट्टीत भारतात गेलात आणि दादरहून किंवा पुण्याहून गाडीत बसलात, की मुलांना विचारून बघा: हा डबा कोणाचा? मुले म्हणतील, रेल्वेचा. पण गेल्या साडेतीन-चार दशकांत रुळांवर आलेली बरीचशी इंजिने, डबे आणि मालगाडीच्या वाघिणी कागदोपत्री 'इंडियन रेल्वे फायनान्स कॉर्पोरेशन' नावाच्या सरकारी कंपनीच्या मालकीच्या आहेत. तिला सगळे आयआरएफसी म्हणतात. ही कंपनी एकही गाडी चालवत नाही. बाजारातून पैसे उभे करायचे आणि ते रेल्वेला पुरवायचे, एवढेच तिचे काम.

रेल्वेसाठी पैसे उसने घेण्याची रीत मात्र फार जुनी आहे, आणि तिची सुरुवात लंडनमध्ये होते. बोरीबंदर ते ठाणे ही 16 एप्रिल 1853 ची पहिली गाडी आणि नाना शंकरशेट यांचे नाव आपल्याला शाळेपासून पाठ असते. पैसा कोणाचा होता, हे कोणी फारसे सांगत नाही. जीआयपी रेल्वे 1849 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली आणि तिचे भांडवल मुख्यतः इंग्लंडमधल्या भागधारकांचे होते. त्यांना 5 टक्के परताव्याची हमी होती. रेल्वेने तेवढे कमावले नाही, तर फरक हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यायचा. म्हणजे नगरच्या शेतकऱ्याने सारा भरायचा आणि लंडनच्या भागधारकाने निर्धास्त झोपायचे. परतावा ठरलेलाच असल्यावर खर्चाला लगाम कोण घालणार? दादाभाई नौरोजींनी देशाबाहेर जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडला, त्यात रेल्वेच्या भांडवलावरचे व्याजही होते.

आता थेट 12 डिसेंबर 1986 वर येऊ. त्या दिवशी आयआरएफसीची नोंदणी झाली. गाड्या वाढवायच्या होत्या आणि सरकारी तिजोरीतून मिळणारा पैसा पुरत नव्हता. मग युक्ती अशी काढली: कंपनीने बाँड विकून आणि कर्ज काढून पैसे उभारायचे, त्यातून डबे-इंजिने घ्यायची आणि ती रेल्वे मंत्रालयाला साधारण 30 वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायची. पहिल्या 15 वर्षांत मुद्दल आणि व्याज वसूल होते, पुढची 15 वर्षे भाडे नाममात्र. कर्ज ज्या दराने मिळाले, त्यावर ठरलेली थोडीशी टक्केवारी हे कंपनीचे उत्पन्न. भाडेकरू खुद्द सरकार, त्यामुळे भाडे बुडण्याची भीती नाही. एमबीएला आम्हाला 'विकत घ्यावे की भाड्याने' हे गणित घालायचे, तेव्हा देणारा आणि घेणारा वेगळे असत. इथे दोन्ही खिसे एकाच सदऱ्याचे! अर्थसंकल्पाबाहेरच्या अशा कर्जांवर महालेखापरीक्षकांनी बोट ठेवले, ते मला रास्त वाटते. तरी जीआयपीच्या काळापेक्षा मोठा फरक असा, की या बाँडवरच्या व्याजातला बराच पैसा आता देशातच राहतो.

खिसा वेगळा असला की काय होते, ते कोकणाने पाहिले. 1990 मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधू दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वेसाठी स्वतंत्र महामंडळ निघाले. केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ भागीदार झाले, पण खर्चाचा मोठा भाग बाँड विकून उभा राहिला. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली मार्ग पुरा झाला आणि 1998 मध्ये गाड्या रोह्यापासून मंगळुरूपर्यंत धावू लागल्या. व्याजाचे ओझे मात्र या छोट्या महामंडळाच्याच डोक्यावर राहिले आणि वर्षानुवर्षे त्याला पुरून उरले. गणपतीला गावी जाणाऱ्यांना दुसरा रूळ का मिळत नाही, याच्या उत्तरात दरडी आणि बोगदे येतातच, पण हे कर्जही येते.

2015 मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना एलआयसीने पाच वर्षांत दीड लाख कोटी रुपये रेल्वेला देण्याचा करार केला आणि त्यातून आयआरएफसीचे बाँड घेतले. आपल्या आईवडिलांनी एजंटकाकांच्या हाती दिलेले हप्ते असे डब्यांपर्यंत पोहोचले. दोनच वर्षांनी कंपनीने 50 कोटी डॉलरचे ग्रीन बाँड काढून लंडन शेअर बाजारात नोंदवले. तेच लंडन, पण या वेळी कर्ज घेणारा आपल्या अटी आपण ठरवून आला होता.

जानेवारी 2021 मध्ये शेअर 26 रुपयांना विकले गेले. पुढे भाव कितीतरी पटींनी वाढला आणि आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "घेऊ का?" सुरू झाले. त्याचे उत्तर हा कार्यक्रम देणार नाही! गंमत अशी, की त्याच सुमारास सरकारने हात मोकळा सोडला. 2023-24 च्या अर्थसंकल्पात रेल्वेच्या भांडवली खर्चासाठी थेट 2.40 लाख कोटी रुपये ठेवले गेले आणि रेल्वेला या कंपनीकडून नवे कर्ज घेण्याची गरज उरली नाही. आता ती एनटीपीसीसारख्या वीजकंपनीला कोळशाच्या वाघिणी भाड्याने देते आहे, आणि जुन्या डब्यांचे भाडे रेल्वे अजून भरते आहे.