अकोल्याच्या डोंगरांतील बंदुका आणि हत्यारांचा कायदा

जुन्या इंग्रजी दप्तरांत नगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्याचें नांव ‘अकोला’ असें लिहिलेलें आढळतें, आणि वाचणाऱ्याचें मन उगाच वऱ्हाडांत जातें. प्रस्तुत विषयाचा वऱ्हाडाशीं कांहीं संबंध नाहीं. कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या कुशींतला, प्रवरेच्या उगमाचा जो डोंगराळ मुलूख, तेथील माणसांच्या हातीं बंदूक असावी कीं नसावी, या एका प्रश्नाला सरकारनें १८४८ पासून १८६१ पर्यंतच्या तेरा वर्षांत तीन निरनिराळीं उत्तरें दिलीं.

पहिलें उत्तर फांसाचें होतें. देवगांवचे राघोजी भांगरे हे महादेव कोळ्यांचे पुढारी. सावकारांच्या जाचानें गांजलेल्या डोंगरकऱ्यांना घेऊन त्यांनीं इंग्रज सरकाराविरुद्ध उठाव केला. १८४८ च्या आरंभीं ते पकडले गेले, आणि २ मे १८४८ रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत त्यांना फांशी देण्यांत आलें. त्यांचे वडील रामजी भांगरे हेही आधींच्या बंडांतले. अशा घराण्याच्या मुलखांत बंदूक दिसणें म्हणजे बंडाची चाहूल, असेंच अधिकाऱ्यांना वाटे.

पुढें १८५७ साल उजाडलें. हत्यारांची आयात, घडण व विक्री यांवर निर्बंध घालणारा कायदा सरकारनें त्याच वर्षी केला. पण ४ ऑक्टोबर रोजीं नांदूर शिंगोट्याजवळ भागोजी नाईकांच्या भिल्लांशीं झालेल्या चकमकींत पोलिसांचे अधिकारी लेफ्टनंट हेन्री ठार झाले, आणि सह्याद्रीच्या या बाजूला सरकारचा हात किती तोकडा आहे हें दिसून आलें. तेव्हां हेन्रींच्या जागीं आलेल्या कॅप्टन नटॉल यांनीं निराळाच मार्ग धरला. ज्यांची भीति वाटत होती त्या महादेव कोळ्यांचीच पलटण त्यांनीं उभी केली. जुन्नर, अकोले आणि नाशिक या भागांतील डोंगरांतून माणसें गोळा केलीं. डिसेंबर १८५७ मध्यें पहिले शंभर जण सज्ज झाले, ते आपापल्या घरच्या तलवारी आणि बंदुका घेऊन. म्हणजे कायदा झाला तरी घराघरांत हत्यारें होतींच, आणि तीं आहेत याचा सरकारला त्या घटकेस आनंदच झाला असला पाहिजे.

लवकरच पलटणीची संख्या सहाशेंवर गेली. जो नाईक जितके लोक आणील तितका त्याचा हुद्दा मोठा, असा नटॉलसाहेबांचा करार होता. बांबळे कुळाचे जावजी नाईक पलटणीचे प्रमुख झाले. आणि अंमलदारांमध्यें राघोजी भांगऱ्यांचे एक बंधूही होते! एका भावाला फांशी दिल्यास उणींपुरीं दहा वर्षें झालीं होतीं.

या पलटणीचें जें वर्णन सरकारी गॅझेटियरमध्यें आहे तें वाचण्यासारखें आहे. हिरवा पीळदार फेटा, हिरवी बंडी, गुडघ्यापर्यंत गडद तांबडें धोतर, पायांत वहाणा. हातीं हलकी बंदूक व संगीन. तंबू नाहीं, सामानाचे बैल नाहींत. प्रत्येकाचें बिऱ्हाड पडशींत आणि पाठीवर. स्वयंपाकाचीं भांडीं वांटून घेतलेलीं. खडकाळ वाटांनीं दिवसाला तीस-चाळीस मैलांची मजल हे लोक मारीत. आणि मुक्कामावर पोंचल्यावर त्यांची पहिली काळजी बंदूक पुसूनपासून नीट करण्याची असे. ज्याला हत्यार बाळगण्याची अक्कल नाहीं असा रानटी म्हणून ज्याची नोंद होत आली होती, त्याच्याविषयीं सरकारी लेखणीनेंच दिलेली ही साक्ष आहे.

मार्च १८६१ मध्यें पलटण मोडण्यांत आली. कांहीं थोडे पोलिसांत गेले. बाकीचे नांगराकडे परतले. तत्पूर्वी १८६० मध्यें निःशस्त्रीकरणाचा नवा कायदा झालाच होता. त्या कायद्यांतून कोडगू लोकांना त्यांच्या राजनिष्ठेबद्दल फेब्रुवारी १८६१ मध्यें सूट मिळाली. पलटण मोडण्याच्या आदल्याच महिन्यांतली ही गोष्ट! महादेव कोळ्यांच्या वांट्याला तशी सूट आली नाहीं. निष्ठेचें मोल दोन ठिकाणीं दोन मापांनीं झालें असेंच म्हणावें लागतें.

लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत १८७८ चा हत्यारांचा कायदा आला, तेव्हां हा भेद उघड वर्णभेदाचा झाला. हिंदी माणसाला परवाना आवश्यक, युरोपियनाला मात्र मोकळीक. राष्ट्रसभेनें १८८७ च्या मद्रास अधिवेशनांतच त्याविरुद्ध ठराव केला, आणि १९३१ च्या कराची ठरावांत नियमांच्या मर्यादेंत शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांत घातला. पण स्वराज्य येतांच विचार पालटला. डिसेंबर १९४८ मध्यें घटना समितींत हरि विष्णु कामत यांनीं हा हक्क घटनेंत घालण्याची उपसूचना मांडली, तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं ती स्वीकारली नाहीं. असा हक्क सरसकट देणें इष्ट नाहीं, आणि आग्रह धरावयाचा तर प्रसंगीं शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरावा, असें त्यांचें म्हणणें. उपसूचना फेटाळली गेली.

त्यानंतरचा १९५९ चा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आला. परवाना कोणाला द्यावाच, हें सांगतांना त्यांत पिकाच्या राखणीसाठीं ठासणीची बंदूक मागणारा शेतकरी आणि निशाणबाजीच्या सरावासाठीं बावीस बोअरची रायफल मागणारा क्लबाचा सभासद, हे दोघे शेजारशेजारच्या कलमांत बसले होते. डुकरांपासून रान राखणाऱ्या डोंगरकऱ्याला पहिलें कलम पुरलें. दुसऱ्यांतून शहरांतला नेमबाजीचा खेळ वाढला. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ मध्यें जाकार्ता-पालेंबांग आशियाई स्पर्धेंत २५ मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें. या खेळांत पिस्तुलाची लांकडी मूठ खेळाडूच्या तळहाताबरहुकूम तासून घेतां येते, पण तिनें मनगटाला आधार देतां कामा नये. चाप ओढण्यास किमान एक किलोचा जोर लागलाच पाहिजे, आणि पिस्तुलाचें वजन १,४०० ग्रॅमांपलीकडे जातां कामा नये. २०१९ च्या दुरुस्तीनें सामान्य परवानाधारकाची मर्यादा तीन बंदुकांवरून दोनांवर आली.