‘आइनस्टाईन व्हिसा’ आइनस्टाईन नसलेल्यांना कसा मिळतो?

कार्तिकात निर्मळच्या यात्रेत शेजारचा दादा भेटला. रसायनशास्त्रात पीएचडी केलेला, सध्या अमेरिकेत पोस्टडॉक, सुट्टीवर घरी आलेला. तळ्याकाठच्या गर्दीत त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. व्हॉट्सॲपवर मेसेज होता: पाऊण लाख रुपयांत ‘आंतरराष्ट्रीय संशोधन पुरस्कार’, सोबत दोन पेपरवर नाव, आणि वर ‘ईबी-१ प्रोफाइल तयार करून मिळेल’ अशी खात्री. दादा म्हणाला, “तू इंजिनीअर आहेस, तुला नेटवरचं कळतं. घेऊ का हे?”

मी आधी ‘नको’ म्हटलं आणि मग घरी येऊन नियम वाचत बसलो. हा लेख त्यातून झाला. असे मेसेज आता खूप फिरतायत, कारण सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशातून नव्याने येणाऱ्यांच्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लावली. त्यामुळे ज्याला त्याला दुसरा दरवाजा हवाय.

हा दरवाजा नक्की कोणता?

नाव आहे ईबी-१ए. अमेरिकेच्या १९९० च्या इमिग्रेशन कायद्यातून आलेला हा ग्रीन कार्डचा प्रवर्ग. विज्ञान, कला, शिक्षण, उद्योग किंवा खेळ यांत ‘असाधारण क्षमता’ असलेल्यांसाठी तो आहे. लोक त्याला आइनस्टाईन व्हिसा म्हणतात, पण आइनस्टाईन १९५५ मध्येच वारले, त्यांचा याच्याशी काही संबंध नाही. या प्रवर्गाची खरी मजा अशी की नोकरी देणारी कंपनी लागत नाही. फॉर्म आय-१४० तुम्ही स्वतः भरू शकता, मुंबईत बसूनसुद्धा. अमेरिकेत जाऊन याच विषयात काम करणार आहात, एवढं मात्र दाखवावं लागतं.

नोबेलसारखा जगन्मान्य पुरस्कार असेल तर तेवढ्यावर पहिली पायरी पार होते. नसेल तर नियमात दहा निकष दिलेत, त्यातले किमान तीन पूर्ण करायचे. दहातले दोन कलाकारांचे आहेत: कलाकृतींचं प्रदर्शन आणि नाटक-सिनेमा-संगीतातली कमाई. शास्त्रज्ञाच्या उपयोगाचे उरले आठ.

सगळ्यात सोपा म्हणजे शोधनिबंध. पीएचडी झालेल्या बहुतेकांकडे ते असतात.

दुसरा सोपा, पण लोक वाया घालवतात तो, म्हणजे दुसऱ्यांच्या कामाचं परीक्षण. जर्नलने पेपर तपासायला पाठवला, तुम्ही तपासला, झालं. पण नुसतं आमंत्रण आल्याचा ईमेल चालत नाही, परीक्षण खरंच करून पाठवलं याचा पुरावा लागतो. दादाने चार वर्षांत बरेच पेपर तपासले होते आणि ‘थँक यू फॉर युवर रिव्ह्यू’ वाले ईमेल जागा भरली म्हणून उडवले होते! (आपण सगळे हेच करतो. गुड मॉर्निंगचे फोटो ठेवतो आणि कामाचे ईमेल डिलीट करतो.) जर्नलच्या पोर्टलवर लॉगिन करून जुनी नोंद निघते का ते बघा, नाहीतर संपादकांकडून पत्र मागा.

पुरस्काराच्या बाबतीत आपली गडबड होते. पुरस्कार त्या विषयातल्या गुणवत्तेसाठी हवा आणि राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवर ओळखला जाणारा हवा. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार कुणी नाकारणार नाही. पीएचडी प्रबंधाचे काही मोठे पुरस्कारही धरले जातात. गावच्या मंडळाने शाल-श्रीफळ देऊन केलेला सत्कार मात्र कौतुकाचा, निकषाचा नाही. सभासदत्वाचंही तसंच. फी भरली की मिळतं ते सभासदत्व चालत नाही, तज्ज्ञांनी काम बघून निवडलेलं लागतं. आयईईईचा साधा मेंबर आणि आयईईईचा फेलो यांत हाच फरक आहे, आणि अमेरिकी इमिग्रेशन खात्याच्या, म्हणजे यूएससीआयएसच्या, धोरण-पुस्तिकेत फेलोचं उदाहरण दिलेलंही आहे. आपल्याकडची इन्साची फेलोशिप याच जातीची. सांघिक पुरस्कारात तुमचा वाटा असेल तर तोही मोजतात, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं गेलं.

तुमच्या कामाबद्दल मोठ्या माध्यमात छापून आलं असेल तर तो एक निकष. मराठी पेपरातली बातमीही चालू शकते, पण तिचं शीर्षक, तारीख, लिहिणाऱ्याचं नाव आणि प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. बातमी तुमच्या कामाची हवी, ‘वसईच्या सुपुत्राची भरारी’ एवढ्याने भागत नाही. नामांकित संस्थेत महत्त्वाची भूमिका हा आणखी एक निकष. आणि जास्त पगार. यात रुपयांचे डॉलर करून तुलना करत नाहीत, तुम्ही काम करता त्या देशातल्या त्याच क्षेत्रातल्या पगारांशी करतात. म्हणजे टीआयएफआरमधल्या माणसाची तुलना कॅलिफोर्नियातल्याशी होणार नाही.

सगळ्यात अवघड निकष

‘मोठ्या महत्त्वाचं मूळ योगदान.’ इथे बहुतेक अर्ज अडखळतात. काम नवं होतं एवढं पुरत नाही, त्यामुळे क्षेत्रात पुढे काय बदललं ते दाखवावं लागतं.

उदाहरण आपल्याच माणसाचं घेऊ. शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर. १९८६ मध्ये त्यांनी आइनस्टाईनच्या सापेक्षता सिद्धांताची समीकरणं नव्या चलांमध्ये मांडली. या चलांना आज ‘अष्टेकर व्हेरिएबल्स’ म्हणतात. त्यांच्यावर पुढे इतरांनी लूप क्वांटम ग्रॅव्हिटी हे संशोधनाचं अख्खं दालन उभं केलं. (ते अमेरिकेत हा प्रवर्ग येण्याच्या कितीतरी आधी गेले, त्यामुळे व्हिसाचं उदाहरण म्हणून नाही, योगदानाचं म्हणून सांगतोय.) आता प्रत्येकाने अष्टेकर व्हायची अपेक्षा नाही. पण ‘यांच्यामुळे इतरांचं काम बदललं’ ही गोष्ट छोट्या प्रमाणात तरी कागदावर दिसली पाहिजे: कुणी तुमची पद्धत वापरली, कुठे पेटंट उत्पादनात गेलं, कुणाच्या पेपरात तुमचा निष्कर्ष पाया म्हणून घेतला. सायटेशनचा ठरलेला आकडा नियमात कुठेही नाही. ‘इतके सायटेशन झाले की नक्की’ असं सांगणारा माणूस स्वतःचा अंदाज सांगतोय.

तीन झाले म्हणजे काम झालं?

नाही. इथे पोघोस कझारियन यांची केस बघायला हवी. ते सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ होते. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांची शिफारसपत्रं होती, शोधनिबंध होते, स्वतः छापलेलं पाठ्यपुस्तक होतं. अर्ज नाकारला गेला, प्रकरण कोर्टात गेलं. मार्च २०१० मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने खात्यालाच सुनावलं की निबंधांना सायटेशन आहेत का, अशा नियमात नसलेल्या अटी निकष तपासताना घालू नका. म्हणून त्यांचे दोन निकष पूर्ण धरले. पण लागतात तीन! अर्ज नामंजूरच राहिला.

त्या निकालानंतर तपासणी दोन टप्प्यांत होते. पहिल्यात निकष मोजतात. दुसऱ्यात सगळा पुरावा एकत्र ठेवून विचारतात की हा माणूस खरंच आपल्या क्षेत्राच्या अगदी वरच्या थोड्या लोकांत बसतो का? कोडिंग करणाऱ्यांना लगेच कळेल: टेस्ट पास होणं वेगळं आणि सिनिअरने रिव्ह्यू करून कोड मर्ज करणं वेगळं. विकत घेतलेला पुरस्कार पहिल्यात कदाचित निसटेल, दुसऱ्यात उघडा पडतो. आणि जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर अमेरिकेत प्रवेशावर कायमची बंदी येऊ शकते. सूट मिळण्याच्या वाटा फार अरुंद आहेत. पाऊण लाखात दादा हे विकत घेणार होता.

मंजुरी मिळाली तरी रांग

मेसेज पाठवणारे हे सांगत नाहीत. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डात एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि देश जन्मावरून ठरतो. २०२५ मध्ये बहुतेक काळ भारतात जन्मलेल्यांची ईबी-१ची रांग फेब्रुवारी २०२२ च्या तारखेवर थांबलेली होती. तरीही लोक इकडे का धावतात? कारण शेजारची ईबी-२ची रांग २०१३ च्या आसपास होती. ईबी-२ मध्ये ‘राष्ट्रीय हित’ म्हणून कंपनीशिवाय अर्ज करता येतो, त्याच्या आजच्या कसोट्या २०१६ च्या धनसर प्रकरणातून आल्या. निकष सौम्य, रांग लांब. पण ईबी-२ची मंजूर तारीख पुढे ईबी-१मध्ये वापरता येते, म्हणून काही जण दोन्ही भरतात.

रांग नको असेल तर ओ-१ए. हा तात्पुरता व्हिसा, पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत. वार्षिक कोटा नाही, आठातले तीन निकष. पण अर्ज अमेरिकेतल्या संस्थेने किंवा एजंटने करायचा, आणि जोडीदाराला तिथे नोकरी करता येत नाही. लग्न ठरवताना हे आधी सांगितलेलं बरं.

जे-१ वर गेलेल्यांनी एक गोष्ट आधी तपासावी: दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट आपल्याला लागू आहे का. डिसेंबर २०२४ मध्ये भारताचं नाव कौशल्य-यादीतून निघालं, त्यामुळे बरेच जण सुटले. पण फुलब्राइटसारख्या सरकारी पैशावर गेलेल्यांना अट राहते, आणि ती पूर्ण किंवा माफ होईपर्यंत ग्रीन कार्ड मिळत नाही.

खर्चाचं म्हणाल तर एप्रिल २०२४ पासून आय-१४० ची फी ७१५ डॉलर, स्वतः अर्ज करणाऱ्याला वर ३०० डॉलर. जास्तीची फी भरली की १५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर मिळतं. ते ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘आणखी पुरावे द्या’ यापैकी काहीही असू शकतं. वकील सक्तीचा नाही, पण मी तरी घेतला असता. आकडे आणि तारखा बदलतात, भरण्याआधी यूएससीआयएसच्या साइटवर आणि दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये बघा.

दादाने तो नंबर ब्लॉक केला. परत जायच्या आधी दोन दिवस तो आमच्या ओटीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. जर्नलच्या पोर्टलवरून त्याला अकरा परीक्षणांच्या नोंदी परत मिळाल्या. बाकीच्यांसाठी संपादकांना ईमेल गेलेत.