रंगीत पाणी आणि लोहचुंबक

टोबियास लोविट्झ या रसायनशास्त्रज्ञाला १७८५ साली सेंट पीटर्सबर्ग येथे असे आढळले की, तपकिरी पडलेले टार्टारिक आम्लाचे द्रावण कोळशाच्या पुडीने स्वच्छ होते. रंगाचे रेणू कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटतात. यालाच आपण अधिशोषण म्हणतो. पुढे १८५६ मध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन क्विनीन बनवायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. त्यातून कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. उन्हाने आणि साबणाने उडू नयेत असेच हे रंग बनवलेले. ते नदीतल्या जिवाणूंना तरी कसे दाद देणार?

कण जितका बारीक, तितका पृष्ठभाग मोठा. वर्गात हे गणित जरूर करून पाहावे. गोल कणांच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग म्हणजे ६ भागिले घनता गुणिले व्यास. मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडची घनता ५.२ आणि व्यास १० नॅनोमीटर धरला, तर उत्तर येते सुमारे ११५ चौरस मीटर! पण इतकी बारीक पूड तळाशी बसत नाही, गाळणीतून निसटते. खरी अडचण रंग चिकटवण्याची नव्हती, चिकटलेला रंग परत आणण्याची होती.

तिचे उत्तर भलतीकडूनच आले. वजनरहित अवस्थेत अग्निबाणाचे इंधन चुंबकाने ओढून घेता यावे म्हणून नासाच्या स्टीफन पॅपेल यांनी १९६३ मध्ये मॅग्नेटाइट दळून केरोसीनमध्ये मिसळले. दळणाचा हा खटाटोप पुढे वाचला. १९८१ साली रेने मासार यांनी दोन लोहक्षारांच्या द्रावणांत अल्क घालून तसेच सूक्ष्म कण पाण्यात मिळवले. १९९७ मध्ये चेक प्रजासत्ताकातील इव्हो शाफारिक आणि सहकाऱ्यांनी चुंबकीय कोळशाने पाण्यातील रंग काढून दाखवले. म्हणजे लोविट्झचा कोळसाच, पण चुंबकाला ओळखणारा.

तरी एक शंका उरत होती. कणावरील चुंबकीय बल त्याच्या आकारमानाबरोबर घटते, मग इतके लहान कण साध्या चुंबकाकडे येतील कसे? २००६ मध्ये अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या गटाने दाखवले की, सौम्य चुंबकीय क्षेत्रातही असे कण एकमेकांना धरून पुंजक्याने सरकतात. त्यांना पाण्यातून आर्सेनिक काढायचे होते. रंगवाल्यांनी ती युक्ती आनंदाने उचलली.

आम्हीही मिथिलीन ब्लू घेऊन हा प्रयोग केला. पाण्याचा सामू ७च्या बराच वर ठेवला की कणांवर ऋण भार येतो आणि हा धनभारित रंग त्यांना चिकटतो. चंचुपात्राला बाहेरून चुंबक लावला. काळा थर काचेला बिलगला, पाणी नितळ झाले. आम्ही खूश झालो. मग कण पुन्हा वापरावेत म्हणून थोडे आम्ल घातलेल्या अल्कोहोलने धुतले, आणि सगळा निळा रंग बाटलीत परत आला. रंग नष्ट झालाच नव्हता, त्याने फक्त भांडे बदलले होते. हायड्रोजन पेरॉक्साइड घातल्यास मॅग्नेटाइटच्या पृष्ठभागावर रंगाचे रेणू तुटू लागतात. सध्या आम्ही त्याच मागे आहोत. ती निळी बाटली मात्र अजून आमच्या कपाटात आहे. ती मोरीत ओतायला कोणी धजत नाही.