मांगुराच्या पोटांतील कृमि आणि त्याचीं नांवें

गोंदिया जिल्हा हा तळ्यांचा मुलूख. नवेगांव-बांधापासून खेडोपाडींच्या मालगुजारी तलावांपर्यंत जेथें चिखल व पाणी टिकतें, तेथें मांगूर माशाची वस्ती. या माशाच्या आंतड्यांत राहणारा एक पांढरा कृमि मनुष्यास बाधत नाहीं. परंतु त्याच्या नामकरणाचा इतिहास ऐकण्याजोगा आहे.

इ. स. १९२५ मध्यें नागपूरचे प्राणिशास्त्रज्ञ मोघे यांनीं मांगुरांतील या कृमीचें वर्णन 'कॅरिओफिलिअस इंडिकस' या नांवानें प्रसिद्ध केलें. लेखाच्या शीर्षकांत त्यांनीं त्याची गणना पर्णाभ कृमींत केली होती. त्यांत नवल नव्हतें. सामान्य पट्टकृमि म्हणजे अनेक खंडांची सांखळी व प्रत्येक खंडास स्वतंत्र जननेंद्रियें. हा मात्र अखंड, व त्यास जननेंद्रियांचा एकच संच. परंतु त्याला अन्नमार्ग मुळींच नाहीं, आणि हें पट्टकृमींचेंच लक्षण होय. पुढच्याच वर्षीं वुडलंड यांनीं त्यास 'लायटोसेस्टस' या प्रजातींत नेलें. त्याच वर्षीं बोव्हिएन यांनीं जावा बेटांतील अशाच कृमींचीं वर्णनें दिलीं.

यानंतर नांवांचा पूर आला. १९८० सालीं सातपुते व अगरवाल यांनीं आमच्या शेजारच्या रायपूरचें नांव एका जातीस दिलें. इतरांनींही भर घातली. शेवटीं मांगुरांतील या गणाच्या जाती कागदोपत्रीं ५९ झाल्या! २०११ सालीं अनिर्बाण आश, शोल्त्स व त्यांचे सहकारी यांनीं नवे कृमि गोळा करून व संग्रहालयांतील जुने नमुने तपासून दाखविलें कीं, खऱ्या जाती अवघ्या ८. मोघ्यांची जात टिकली, रायपूरचीही टिकली. कृमि मारतांना आक्रसला किंवा कांचेखालीं दाबला गेला, म्हणजे त्याचा आकार बदलतो. आणि मूळ नमुना संग्रहालयांत नसला, तर ती चूक पुढच्यास पडताळतां येत नाहीं.

मग जनुकांकडे वळावें, असें कोणी म्हणेल. तेंही निर्धोक नाहीं. २०१२ सालीं ब्राबेत्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, या गणांत नेहमीच्या कांहीं जनुकांत इतके फेरबदल सांठले आहेत कीं जुन्या नात्यांचा माग पुसट होतो. शिवाय जनुकांच्या भिन्न झालेल्या प्रतीही दिशाभूल करितात. खुद्द यजमानाचेंही नांव बदललें आहे: पूर्वीं 'क्लॅरिअस बॅट्रॅकस' म्हटला जाणारा भारतीय मांगूर आतां 'क्लॅरिअस मागूर' मानला जातो.

एका क्षुद्र कृमीसाठीं एवढा खटाटोप कशास, असें वाचक विचारतील. परंतु नांवच चुकलें, तर आपल्या तळ्यांतील जीवसृष्टीची मोजदाद चुकते व मत्स्यरोगांचें निदानही डळमळतें. म्हणून नवें नांव देण्याची घाई करण्यापेक्षां नमुना नीट जतन करणें हीच विद्येची मोठी सेवा, असें आम्हांस वाटतें.