औंधचा स्वराज्यप्रयोग आणि मताचे प्रयोजन

ज्ञातीच्या वार्षिक अंकात गावपंचायतीविषयी लिहावे, हे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु निवडणूक जवळ आली की आपल्या बैठकींतून ‘आपली मते किती’ एवढाच हिशेब होतो. ती मते कशासाठी, हे सहसा कोणी विचारीत नाही. या प्रश्नाचा विचार करू लागलो की मला औंध संस्थानाचा इतिहास आठवतो.

संस्थान ते केवढे! अवघी ७२ गावे, आणि तीही सलग नव्हेत. औंध, आटपाडी, कुंडल असे विखुरलेले तुकडे, एक तर थेट विजापूरकडे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते व चित्रकार म्हणून महाराष्ट्रास ठाऊक आहेत. तथापि त्यांचे खरे मोठे कृत्य १९३८ सालचे होय. त्या काळी ठिकठिकाणची प्रजा जबाबदार राज्यपद्धती मागत होती आणि बहुतेक संस्थानिक ती नाकारीत होते. भवानरावांनी मात्र ती आपण होऊन देऊ केली. निवृत्तीच्या दिवशी शाळेच्या कपाटाची किल्ली आम्हां मास्तरांच्या हातून सुटत नाही. येथे तर राज्यच सोडावयाचे होते.

त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलिश अभियंते यांनी गांधीजींच्या सल्ल्याने घटना सिद्ध केली व ती जानेवारी १९३९ मध्ये अमलात आली. तिची रचना खालून वर जाणारी होती. गावाने पाच पंच निवडावे, पंचायतींतून तालुक्याची समिती व्हावी आणि तेथून प्रतिनिधी विधिमंडळात जावे. वसुलाचा मोठा वाटा खाली राहावयाचा, म्हणजे विहीर, रस्ता, शाळा यांचा निर्णय ज्याचा त्याने करावयाचा.

या घटनेत गांधीजींच्या आग्रहाने मताधिकारास साक्षरतेची अट होती. त्यांचा हेतू लोकांना वगळण्याचा नसून शिकविण्याचा होता, हे मान्य. जन्मभर अक्षरे गिरवून घेतलेल्या माझ्यासारख्याला ही अट प्रिय वाटावी. पण मला ती पटत नाही. निरक्षर म्हणजे निर्बुद्ध नव्हे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनच्या काळातच, प्रौढ मताधिकाराचा पक्ष मांडताना, सांगितले होते. एकत्र जगण्याच्या अटी ठरविण्याचा हक्क म्हणजे मत, अशी त्यांची धारणा. तो हक्क शिक्षणाचे बक्षीस नव्हे. तो वापरणे हेच शिक्षण. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्या कोट्यवधी निरक्षर बांधवांनी व भगिनींनी हे दाखवून दिले. गावातील संकुचितपणावर आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत कठोर टीका केली, तीही विसरू नये. पंचायत कोणाच्या ओट्यावर बसते, यावरच पुष्कळदा तिचा न्याय ठरत आला आहे.

मार्च १९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले व प्रयोग संपला. पुढे १९५८ चा ग्रामपंचायत कायदा, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा, १९९३ मध्ये अमलात आलेली ७३ वी घटनादुरुस्ती, २०११ पासून स्त्रियांस निम्म्या जागा: जे औंधला राजाने दिले, ते कायद्याने सर्वांस मिळाले.

आणि त्याचे आपण काय केले? जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील निवडणुका राज्य निवडणूक आयोगास रद्द कराव्या लागल्या, कारण पदांचा लिलाव झाल्याचे आढळले. लिलावाचा पैसा गावच्याच कामी येतो, असा युक्तिवाद अनेक ठिकाणी ऐकू येतो. पण बोली लावून बसलेल्या सरपंचास ग्रामसभेत हिशेब कोण विचारणार? ज्ञातीने ठराव करून एकगठ्ठा मते देऊ करणे, हा प्रकारही मला त्याच जातकुळीचा वाटतो. तेथे रक्कम तेवढी दिसत नाही.

कार्यकारी मंडळास माझी विनंती आहे की, संस्थेने उमेदवार सुचविण्याच्या फंदात पडू नये. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेस कोणत्या गावचे किती ज्ञातिबंधू व किती भगिनी उपस्थित होत्या आणि त्यांनी कोणते प्रश्न विचारले, याची यादी पुढील अंकात छापावी. संकलनाचे काम मी करीन.