विजयच्या वडिलांच्या आईचे नाव

'विजयच्या वडिलांच्या आईचे नाव काय?' असा प्रश्न विचारला तर चौथीतला मुलगाही गोंधळत नाही. तो आधी विजय डोळ्यांसमोर आणतो, मग त्याचे वडील, मग वडिलांची आई, आणि शेवटी तिचे नाव सांगतो. हाच प्रश्न आजच्या बहुतेक संगणकभाषांमध्ये 'विजय.वडील.आई.नाव' असा लिहिला जातो. मराठीतला 'च्या' जाऊन तिथे टिंब येते, एवढाच फरक. तरीही प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या शिक्षकांचा अनुभव असा आहे की विद्यार्थी नेमके इथे अडखळतात. वस्तूचा गुणधर्म म्हणजे वय किंवा उंची, एखादा आकडा, हे त्यांना पटते. पण एका वस्तूचा गुणधर्म म्हणजे दुसरी अख्खी वस्तू, हे पटत नाही. त्यांना फार दोष देता येणार नाही, कारण संगणकशास्त्रालाही ही गोष्ट नीट मांडायला बरीच वर्षे लागली.

सुरुवातीला 'माहिती' म्हणजे पंच केलेले कार्ड होते. 80 रकान्यांच्या त्या कार्डावर पहिले काही रकाने नावाचे, पुढचे पत्त्याचे, त्यापुढचे पगाराचे. 1960 साली आलेल्या कोबॉल भाषेने याच मांडणीला शिस्त लावली. 01 स्तरावर कर्मचारी, त्याच्या पोटात 02 स्तरावर पत्ता, पत्त्याच्या पोटात 03 स्तरावर गाव. म्हणजे 'पत्ता' हा कर्मचाऱ्याचा भाग झाला खरा, पण डब्यात डबी ठेवावी तसा. एकाच घरात राहणारे दोन भाऊ कारखान्यात कामाला असले, तर त्यांचा पत्ता दोनदा लिहायचा आणि घर बदलले की दोन्हीकडे खोडायचा. पगारपत्रकासाठी ही पद्धत उत्तम होती. विजयच्या आजीपर्यंत पोहोचायला मात्र ती निरुपयोगी. विजयच्या नोंदीच्या पोटात वडिलांची पूर्ण नोंद ठेवायची, तिच्या पोटात आजोबांची, त्यांच्या पोटात पणजोबांची... अशी डबी कुठल्याच डब्यात मावणार नाही.

यावरचा उपाय दुसऱ्या मंडळींकडे आधीच होता. नेवेल, शॉ आणि सायमन यांनी 1956 च्या सुमारास तर्कशास्त्रातली प्रमेये सिद्ध करणारा प्रोग्राम लिहिताना याद्यांची योजना वापरली होती. यादीतल्या प्रत्येक घरात एक माहिती आणि पुढचे घर स्मृतीत कुठे आहे त्याचा पत्ता. वस्तू पोटात ठेवायची नाही, तिच्याकडे फक्त बोट दाखवायचे. 1963 साली एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' हा रेखाटनाचा प्रोग्राम तयार केला, त्यात या युक्तीचे फळ पडद्यावरच दिसले. दोन रेषा एका टोकाला जुळल्या, की त्यांचा तो बिंदू एकच असे. बिंदू सरकवला की दोन्ही रेषा त्याच्यामागे जात. रेषेचा गुणधर्म असलेला बिंदू ही स्वतंत्र वस्तू आहे आणि ती दोघींत सामाईक आहे, हे सांगण्यासाठी याहून चांगले चित्र मला माहीत नाही.

पण नुसत्या बोट दाखवण्यात धोका असतो. बोट बिंदूकडे आहे की पगाराच्या आकड्याकडे, हे यंत्राला कळत नाही. 1965 साली टोनी होअर यांनी यावर तोडगा सुचवला. प्रत्येक निर्देश कोणत्या जातीच्या नोंदीकडे जाणार हे आधीच जाहीर करायचे, म्हणजे प्रोग्राम चालण्यापूर्वीच चूक पकडता येईल. निक्लाउस व्हिर्थ यांच्याबरोबर त्यांनी आखलेल्या अल्गोल डब्ल्यू या भाषेच्या वर्णनात 'व्यक्ती' या नोंदीचे एक उदाहरण येते. नाव, वय आणि लिंग हे साधे गुणधर्म. आणि वडील, आई, सर्वांत धाकटे अपत्य व लगतचे मोठे भावंड हे चार गुणधर्म म्हणजे पुन्हा 'व्यक्ती'कडेच जाणारे निर्देश.

या उदाहरणापाशी वर्गात एक तास थांबायला हरकत नाही. अपत्ये कितीही असू शकतात, मग आई-वडिलांच्या नोंदीत एकाच अपत्याची जागा कशी पुरते? वडिलांकडून धाकट्याकडे जायचे, धाकट्याकडून त्याच्या मोठ्या भावंडाकडे, त्याच्याकडून आणखी मोठ्याकडे. अशी सगळी भावंडे सापडतात. (वडिलांची दोन लग्ने झाली असतील तर ही योजना कुठे कोलमडते, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.) आता साखळीच्या टोकाला असलेल्या थोरल्याचे काय? त्याला मोठे भावंड नाहीच. त्या जागी काहीतरी लिहायला तर हवे! म्हणून 'कुणीच नाही' असा अर्थ असलेला रिक्त निर्देश आला. तो अमलात आणायला अतिशय सोपा होता म्हणून मोह आवरला नाही, असे होअर यांनी 2009 साली एका व्याख्यानात सांगितले आणि त्याला स्वतःची शंभर कोटी डॉलरची चूक म्हटले. कारण रिक्त निर्देशाला 'तुझे नाव काय' असे विचारले की प्रोग्राम कोसळतो, आणि त्यानंतरच्या चार दशकांत असे असंख्य प्रोग्राम कोसळले होते.

दरम्यान ऑस्लोत ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड सिम्युला ही भाषा घडवत होते. प्रत्यक्ष जगातल्या रांगा, वाहने, यंत्रे यांची नक्कल संगणकावर करणे हे तिचे काम. होअर यांच्या कल्पनेने ते प्रभावित झाले होते, पण पुलावरच्या टोलनाक्याचे उदाहरण सोडवताना त्यांना ती अपुरी वाटली. रांगेत उभा राहणारा ट्रक असो वा बस, 'रांगेत उभे राहणे' दोघांत समान हवे आणि बाकीचे वेगळे. त्यातून 1967 सालची सिम्युला जन्मली. वर्ग, वस्तू आणि वारसा या कल्पना तिथे एकत्र आल्या. या कामासाठी दोघांना 2001 सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, आणि पुढच्याच वर्षी दोघेही वारले.

सिम्युलातली एक बारीक गोष्ट मला शिक्षक म्हणून फार मोलाची वाटते. तिथे किंमत देण्याची चिन्हे दोन आहेत. वयात 12 हा आकडा भरायचा तर विसर्ग आणि बरोबर (:=), पण वडील म्हणून एखाद्या वस्तूकडे बोट दाखवायचे तर विसर्ग आणि आडवी रेघ (:-). तुलनेसाठीही तसेच: दोन किमती सारख्या आहेत का हा एक प्रश्न, आणि दोन्ही बोटे एकाच वस्तूकडे आहेत का हा दुसरा. पायथॉन (1991) आणि जावा (1995) यांत हा भेद नियुक्तीच्या चिन्हात उरला नाही. दोन्हीकडे एकच 'बरोबर'. लिहायला सोपे झाले. शिकायला झाले असे मला वाटत नाही.

आशा आणि विजय ही भावंडे घ्या. 'आशा.पत्ता = घर' आणि 'विजय.पत्ता = घर' असे लिहिले. पुढे आशा शिकायला साताऱ्याच्या वसतिगृहात गेली, म्हणून विद्यार्थ्याने लिहिले 'आशा.पत्ता.गाव = सातारा'. मग विजयचा पत्ता छापून पाहिला, तर तोही साताऱ्यात! मुलांना वाटते संगणक चुकला. प्रत्यक्षात घर ही एकच वस्तू होती, दोघांचे बोट तिच्याकडे होते, आणि आपण घरच उचलून साताऱ्याला नेले. पूर्ण कुटुंबाने बिऱ्हाड हलवले असते तर हेच वाक्य बिनचूक ठरले असते. एकटी आशा गेली असेल तर नवी पत्ता-वस्तू तयार करून आशाचे बोट तिच्याकडे वळवायचे.

हे फळ्यापेक्षा दोऱ्याने चांगले समजते. दोन मुलांना उभे करावे आणि दोघांच्या हातातले दोरे टेबलावरच्या एकाच कागदाला चिकटवावेत. कागदावरचे गाव खोडले की काय होते, आणि दोरा सोडवून दुसऱ्या कागदाला लावला की काय होते, हे वर्गाला एका नजरेत दिसते. तिसऱ्या मुलाच्या हातात नुसताच लोंबता दोरा द्यावा. त्याच्या पत्त्यातले गाव कोणते, असे विचारले की वर्ग हसतो.

त्या लोंबत्या दोऱ्याची सोयही सिम्युलात होती. वस्तू असेल तर हे करा, नसेल तर ते करा, अशी रचना तिथे 1967 पासून उपलब्ध होती, पण ती वापरायची सक्ती नव्हती. सक्ती पुढे स्विफ्ट (2014) आणि कोटलिन (पहिली आवृत्ती 2016) यांसारख्या भाषांनी केली. त्यांत जो गुणधर्म रिक्त असू शकतो त्याच्या जातीपुढे प्रश्नचिन्ह लिहावे लागते, आणि 'नसेल तर काय' याची तजवीज केल्याशिवाय सहसा पुढचे टिंबच देता येत नाही. दोन वेगळ्या चिन्हांची सिम्युलाची पद्धत मात्र या दोन्ही भाषांनी उचलली नाही.